घरात आलेला आवाज

पुनरुत्थान सणानंतर गृहआशीर्वादासाठी शेवगाव परिसरातील घराघरांतून फिरताना एक दृश्य बहुतेक ठिकाणी दिसते. भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर, तिच्याखाली मेणबत्तीची फळी, आणि शेजारच्या लोखंडी कपाटावर क्रोशाच्या रुमालाने झाकलेला टू-इन-वन. तो बहुधा बंद पडलेला असतो. त्याच्या पाठीमागे बुटांच्या खोक्यात पंचवीस-तीस कॅसेटी असतात. काहींवर चित्रपटांची नावे, काहींवर ‘नाताळ गीते’, तर एखाद्या कॅसेटीवर निळ्या शाईत नुसतेच ‘बाबा’ असे लिहिलेले. घरातील तरुण मंडळी म्हणतात, “फादर, हे आता भंगारात द्यायचं आहे.” मी त्यांना थांबवितो. का थांबवितो, हे दारात उभ्याउभ्या सांगता येत नाही. म्हणून हा लेख.

घरात बसून संगीत ऐकणे आज आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की, त्यालाही एक इतिहास आहे हे ध्यानात येत नाही. गाणाऱ्याच्या अनुपस्थितीत गाणे ऐकू येणे ही मनुष्यजातीच्या आयुष्यातील फार अलीकडची गोष्ट आहे. त्यापूर्वी घरात गाणे होते, पण ते घरच्यांचेच. पहाटे जात्यावरची ओवी, पाळण्याशी अंगाई, रात्री टाळ-मृदंगावरचे भजन. आपला हा मुलूख तर अशा गाण्याच्या ऐन मध्यावर वसलेला. एका बाजूस ज्ञानेश्वरीचे नेवासे, दुसऱ्या बाजूस एकनाथांचे पैठण, आणि दोहोंच्या मधे शेवगाव. येथे ओवी ही वाचण्याची वस्तू नव्हतीच, ती कानाची वस्तू होती. गोव्यात येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली आपले ख्रिस्तपुराण छापविले तेही ओवीतच; कारण ते चर्चमध्ये लोकांसमोर गायले-वाचले जावे हा त्यांचा हेतू होता. त्या ग्रंथाची सतराव्या शतकातील एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांनी शब्द वाचविले. परंतु त्या काळच्या भाविकांच्या कंठातून ती ओवी कशी निघत असेल, कोठे स्वर लांबत असेल, कोठे सारी मंडळी एकदम साथ देत असतील, हे कोणतेही हस्तलिखित सांगू शकत नाही. अक्षर राहिले, आवाज गेला.

आवाज टिकविण्याची युक्ती १८७७ साली अमेरिकेत थॉमस एडिसन यांना साधली. कथलाच्या पातळ पत्र्यावर सुईने रेघ ओढावी आणि तीच रेघ पुन्हा सुईखालून फिरवावी, एवढेच त्यांचे यंत्र. दहा वर्षांनी जर्मनीतून अमेरिकेत गेलेले एमिल बर्लिनर यांनी नळकांड्याऐवजी सपाट तबकडी वापरली आणि एका साच्यावरून हजारो प्रती काढणे शक्य झाले. तबकडी ज्या द्रव्याची पुढे बनू लागली त्यात लाख हा महत्त्वाचा घटक. आणि जगाला लागणाऱ्या लाखेचा फार मोठा वाटा हिंदुस्थानातील पळस, बोर व कुसुम या झाडांवरील किड्यांकडून येई. म्हणजे या विलायती यंत्रात आपले एक रानटी द्रव्य होते.

या इतिहासातील १९०२ हे वर्ष मला विशेष वाटते. ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये रोममध्ये होते. व्हॅटिकनमध्ये सिस्टिन चॅपेलच्या गायकांचे आवाज त्यांनी मेणाच्या चकत्यांवर उतरविले. त्यांत अलेस्सांद्रो मोरेस्की हाही होता. बालवयात शस्त्रक्रिया करून मुलाचा आवाज कोवळा राखण्याच्या क्रूर प्रथेतला अखेरचा गायक. त्याचा आवाज आज ऐकताना मन अस्वस्थ होते. ख्रिस्तसभेच्या संगीताच्या नावाखाली काय काय घडले, याची साक्ष ती तबकडी देते, आणि ती साक्ष पुसली गेली नाही हे बरेच झाले. त्याच महिन्यात मिलानला एका हॉटेलच्या खोलीत याच गृहस्थांनी कारूसो या तरुण गायकास मुद्रित केले. आणि हेच गैसबर्ग नोव्हेंबर महिन्यात कलकत्त्यात गौहरजान यांच्यासमोर कर्णा मांडून बसले होते!

गौहरजान यांचे जन्मनाव अँजेलिना येओवर्ड. वडील अर्मेनियन वंशाचे ख्रिस्ती, मुलीचा बाप्तिस्मा झालेला. आईवडिलांच्या विभक्त होण्यानंतर मायलेकींनी इस्लाम धर्म स्वीकारला आणि पुढे ही मुलगी हिंदुस्थानातील सर्वांत नामांकित गायिकांपैकी एक झाली. प्रत्येक गाण्याच्या शेवटी त्या मोठ्याने आपले नाव इंग्रजीत सांगतात. कारण त्या काळी तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात आणि तेथील कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे लागे. १९०८ पासून कलकत्त्यातच तबकड्या बनू लागल्या आणि नाव सांगण्याची गरज संपली. तरी काही गायकांनी ती सवय पुढेही सोडली नाही.

पुढच्या वर्षी, १९०३ साली, ब्याण्णव वर्षांचे पोप लिओ तेरावे यांचा क्षीण आवाज बेट्टिनी या इटालियन संशोधकाने मुद्रित केला. त्यात लॅटिनमधील ‘प्रणाम मरिया’ आणि आशीर्वाद आहे. ते जुलै महिन्यात देवाघरी गेले. त्यांच्यामागून आलेल्या पोप पायस दहावे यांनी २२ नोव्हेंबर रोजी, संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, उपासनासंगीताच्या शुद्धीकरणाचा आपला प्रसिद्ध आदेश काढला. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात केंदळ येथे फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ मासिक सुरू केले. या तिन्ही गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पण नगर जिल्ह्यातील कॅथॉलिक माणसाच्या हाती छापील मराठी शब्द महिन्याच्या महिन्याला येऊ लागला, त्याच सुमारास पोपमहाशयांचा आवाजही घरात वाजू शकेल अशा वस्तूत बंद झाला होता. शब्द आपल्यापर्यंत पोहोचला. आवाज पोहोचायला आणखी पुष्कळ वर्षे लागायची होती.

मराठी घरात ग्रामोफोन आला तो मुख्यतः नाट्यसंगीताच्या बोटास धरून. बालगंधर्वांचे पद ऐकण्यासाठी पुण्या-मुंबईस जाऊन तिकीट काढावे लागे. आता ते पद तीन-साडेतीन मिनिटांत आटोपलेले, पण हवे तेव्हा, हवे तितक्यांदा ऐकता येऊ लागले. कंपन्यांचे जाहिरातदार हीच गोष्ट मोठी मानीत. माझ्या मते खरी क्रांती निराळी होती. बैठकीचे गाणे कोणी ऐकावे याला त्या काळी सक्त मर्यादा होत्या. घरंदाज स्त्री बैठकीत जात नसे. गायिका म्हणजे ‘तसल्या’ समजल्या जात. त्यांचे नाव घरात काढणेही अशिष्ट. पण तबकडी घरात आली आणि माजघरातल्या बायका दाराआडून त्याच गायिकांचे आवाज ऐकू लागल्या. हिराबाई बडोदेकरांनी पुढे गाण्याच्या बैठकीस जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिची वाट अशा घरांतून आधीच थोडी मोकळी झाली होती.

आणि आपल्या लोकांचे काय? नगर जिल्ह्यातील आपल्या बहुसंख्य कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. देवळातले कीर्तन त्यांनी पायरीपलीकडे बसून ऐकले, तेही कोणी ऐकू दिले तर. वाड्यातील बैठकीत त्यांना बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. विरोधाभास असा की, वाद्य वाजविण्याचा मान, म्हणजे हलगी, सनई आणि डफ, याच लोकांकडे. ऐकण्याचा मान मात्र नाही. ग्रामोफोनच्या कर्ण्याने पुढे बसलेल्याची जात विचारली नाही. बाजाराच्या दिवशी चहाच्या दुकानात, लग्नमांडवात, जत्रेत, जेथे तो वाजला तेथे जो उभा राहिला तो श्रोता झाला. मी यास फार मोठी सामाजिक सुधारणा म्हणणार नाही. दुकानातील कप वेगळा ठेवला जात होता तो होताच. पण कान मोकळा झाला.

या मोकळ्या कानाचे फळ काय असू शकते, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या कर्नाटकातील मुलांनी दिले. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस स्थायिक झालेले, १९३७ साली निवर्तले. त्यांची तबकडी दुकानात ऐकून आपण घर सोडून गुरूच्या शोधार्थ निघालो, असे भीमसेन जोशी सांगत. बेळगावकडील शिवपुत्र कोमकळी हा मुलगा तबकड्यांवर ऐकलेल्या थोर गायकांचे गाणे हुबेहूब गाऊन दाखवी; लोकांनी त्यास कुमार गंधर्व म्हटले. गुरूसमोर वर्षानुवर्षे बसल्याखेरीज विद्या नाही, या परंपरेच्या देशात लाखेची एक चकती मुलाला पहिला धडा देऊ शकली. पुढील शिक्षणासाठी दोघांनाही गुरूच शोधावे लागले, हेही तितकेच खरे.

आपल्या भागात हे यंत्र टिकले ते त्याच्या चावीमुळे. स्प्रिंग पिळली की एक बाजू वाजे. विजेची गरज नव्हती. १९३१ पासून निघालेला पेटीच्या आकाराचा एचएमव्ही १०२ हा फोनो हातात धरून बैलगाडीतून नेता येई. पाश्चात्त्य देशांत ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९५० च्या दशकात मागे पडल्या, पण ज्या देशात बहुतेक खेड्यांत वीजच नव्हती तेथे त्या १९६० च्या दशकातही निघत राहिल्या. पेटीबरोबर सुयांची लहानशी डबी असे. प्रत्येक बाजूस नवी सुई लावण्याचा नियम होता आणि त्यास कारण होते. तबकडीच्या द्रव्यात दगडाची भुकटी मिसळलेली असे. ती सुईच्या टोकास घासून खाचेच्या आकाराचे करी. एकदा झिजलेली सुई पुन्हा वापरली की ती खाचच कापीत सुटे. काटकसरीपायी आपल्या लोकांनी एकेक सुई आठ-आठ दिवस चालविली, आणि आज ज्या तबकड्या सापडतात त्यांतून निम्मा वेळ तव्यावर भाजणाऱ्या मोहरीचा आवाज येतो त्याचे कारण हेच.

रेडिओचा काळ मी थोडक्यात सांगतो, कारण रेडिओ ऐकणे हे ऐकविणाऱ्याच्या मर्जीचे. १९५३ साली आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. १९५५-५६ मध्ये तेथून गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ आठवड्यास एक याप्रमाणे छप्पन्न गीतांत ऐकविले गेले, तेव्हा घरोघरी रेडिओला हार घालून लोक बसत, असे जुनी माणसे सांगतात. घरातल्या यंत्रासमोर भक्तीने बसता येते, हे महाराष्ट्राने त्या वर्षी पाहिले.

आपल्या ख्रिस्तसभेपुढे मात्र हा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा होता. १९०४ साली रोममध्ये महान संत ग्रेगरी यांच्या तेराव्या शताब्दीच्या सोहळ्यात ग्रेगरियन गायनाच्या तबकड्या निघाल्या; १९३० मध्ये फ्रान्समधील सोलेम मठाच्या बेनेदिक्त संघीय मठवासीयांनी फादर गाजार यांच्या मार्गदर्शनाखाली गायिलेल्या तबकड्या तर जगभर आदर्श ठरल्या. मग एखाद्या खेड्यातील चर्चमध्ये, जेथे गायनवृंद नाही, तेथे मिस्साच्या वेळी तबकडीच लावली तर? रोमने यास स्पष्ट नकार दिला. पोप पायस बारावे यांच्या अखेरच्या दिवसांत, ३ सप्टेंबर १९५८ रोजी निघालेल्या पवित्र संगीतविषयक सूचनेत ग्रामोफोन, रेडिओ, टेपरेकॉर्डर आदी यंत्रे उपासनेत वापरण्यास मनाई केली आहे. भाविकांच्या गायनास आधार म्हणूनदेखील ती नकोत. मात्र लोकांना गीते शिकविण्यासाठी तीच यंत्रे वापरण्यास त्या सूचनेने मुभा दिली. धर्मविद्यालयात ही सूचना प्रथम वाचली तेव्हा मला ती जुनाट वाटली होती. आज वाटत नाही. वेदीपुढे अर्पण करावयाचे ते स्वतःचे, मग ते बेसूर का असेना. यंत्राची जागा घर. पण त्या मुभेचाही अर्थ मला उशिरा कळला. यंत्र हे घरात गाणे ऐकण्यापुरतेच नव्हे, तर घरातले गाणे पुढल्या पिढीला शिकविण्यासाठीही आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविषयक संविधानात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस सन्मानाचे स्थान देण्यास सांगितले. नगर जिल्ह्यात त्याची तयारी आधीपासून होती. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी प्रॉटेस्टंट बंधूंसाठी अभंगाच्या व भजनाच्या वळणाची जी पदे केली ती आपल्याही लोकांच्या ओठी होती. आपल्या मास्तरांनी म्हणजे धर्मशिक्षकांनी खेड्याखेड्यांत भजनी मंडळे उभारली होती. ही सर्व संपत्ती तोंडी होती. ती टिपून ठेवावी असे कोणालाही वाटले नाही, कारण ती संपेल असे कोणालाही वाटले नव्हते.

मग कॅसेट आली. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली काढली, पण आपल्याकडे तिचा सुकाळ झाला तो १९८० च्या दशकात. आखातात नोकरीस गेलेले लोक जपानी टू-इन-वन आणीत. पुढे स्वस्त कॅसेटी बाजारात आल्या. तबकडी आणि कॅसेट यांत एक मूलभूत फरक होता. तबकडी फक्त वाजविता येई. कॅसेटीवर मात्र घरच्या घरी भरताही येई. इतिहासात प्रथमच सामान्य कुटुंबाला आपल्या माणसाचा आवाज जपून ठेवण्याचे साधन मिळाले, आणि शेवगावसारख्या ठिकाणी ते पुस्तकांच्या आधी घरात आले. त्याचबरोबर एक दुसरे साधनही मिळाले, ते म्हणजे पुसण्याचे.

येथे मला स्वतःचा अपराध सांगावा लागतो. २००० साली, जुबिली वर्षात, मी तरुण साहाय्यक धर्मगुरू असताना गायनवृंदाचा सराव मुद्रित करण्यासाठी एका घरातून साठ मिनिटांची कॅसेट मागून घेतली. कॅसेटीच्या पाठीवर दोन लहान प्लॅस्टिकच्या कड्या असतात. त्या मोडल्या की तीवर नव्याने भरता येत नाही. त्या कॅसेटीच्या कड्या मोडलेल्या होत्या. म्हणजे कोणीतरी विचारपूर्वक ती राखली होती. मी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि सराव भरला. पुढे कळले की, त्या घरातील आजी जात्यावर दळताना प्रभूच्या दुःखसहनाच्या ओव्या गात असे आणि मुंबईहून सुटीत आलेल्या मुलाने त्या भरून ठेवल्या होत्या. आजी दोन वर्षांपूर्वीच निवर्तली होती. घरच्यांनी मला शब्दानेही दोष दिला नाही. “फादरांनी मागितली म्हणून दिली,” एवढेच म्हणाले.

त्याच सुमारास पुण्यात गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेले जात्यावरच्या ओव्यांचे काम जोरात चालले होते. महाराष्ट्रातील खेड्याखेड्यांतून त्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने कित्येक तासांचे गायन ध्वनिमुद्रित केले. २०१७ पासून तो संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयात संगणकावर सर्वांस खुला आहे. मी पुसलेल्या तीस मिनिटांची किंमत मला तो ऐकताना समजली.

तेव्हापासून मला हा छंद जडला. लोक त्यास छंद म्हणतात. मी प्रायश्चित्त म्हणत नाही, कारण त्यात मला आनंदही फार मिळतो. एक जुना कॅसेट-डेक, एक ७८ आणि ३३ अशा दोन्ही वेगांनी फिरणारी तबकडी-पेटी, एक वर्धक आणि दोन ध्वनिक्षेपक. शेवगावच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने मला पहिले धडे दिले. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसावयाची नाही, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. तिला साधे पाणी आणि मऊ कापड पुरे. याउलट कॅसेट-डेकचे शीर्ष स्पिरिटनेच पुसावे. जुन्या तबकडीची खाच रुंद असते, लांब वाजणाऱ्या तबकडीची तिच्या सुमारे एकतृतीयांश. एकीची सुई दुसरीस लावली की एक तर आवाज येत नाही नाही तर तबकडी जाते. कॅसेट दबक्या आवाजात वाजू लागली म्हणजे ती खराब झाली असे नव्हे. ज्या यंत्रावर ती भरली गेली त्याचे शीर्ष किंचित तिरपे असू शकते. आपल्या डेकच्या शीर्षाशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवावा. एका क्षणी धुके उठल्यासारखा आवाज मोकळा होतो. या क्षणासारखे सुख थोडेच. अर्थात काम झाल्यावर स्क्रू पूर्वस्थितीत आणावयास विसरू नये. मी दोनदा विसरलो आहे.

आपल्या घरांची रचनाही या कामी विचारात घ्यावी लागते. पत्र्याचे छप्पर आणि शहाबादी फरशी यांत आवाज उसळत राहतो. महागडी साधने घेण्यापूर्वी भिंतीवर एक जाड गोधडी टांगून पाहावी. ध्वनिक्षेपक लोखंडी कपाटावर ठेवू नयेत. खर्जाचा स्वर लागला की कपाट आणि त्यातील भांडी साथीस येतात. ते कानाच्या उंचीवर असावेत, आणि दोहोंमधले अंतर व आपले त्यांच्यापासूनचे अंतर सारखे असावे. इतके केल्यावर सामान्य यंत्रही पुष्कळ सांगते. काही शौकिनांचा आग्रह असतो की, तबकडीवरचे गाणे हे संगणकीय गाण्याहून श्रेष्ठच. माझे कान तसे म्हणत नाहीत. अमीर खाँसाहेबांचा मारवा असो की किशोरीताईंचा भूप, ते चांगल्या मुद्रणातून कोणत्याही मार्गाने आले तरी मोठेच. तबकडीचा एक गुण मात्र मान्य करतो. ती लावण्यासाठी उठावे लागते, आणि वीस-बावीस मिनिटांनी उलटण्यासाठी पुन्हा उठावे लागते. मधल्या वेळात माणूस बसून असतो.

अशा शौकिनांस आपल्या समाजात थोडे खुळे समजले जाते. पण अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर, बालगंधर्व यांचे जे आवाज आज उपलब्ध आहेत, त्यांतील कितीतरी कंपन्यांनी नव्हे तर अशा खुळ्यांनी वाचविले. जुन्या बाजारांतून पायपीट करून, तबकड्या धुऊन, त्यांच्या क्रमांकांच्या याद्या करून. १९९० साली मुंबईत सुरेश चांदवणकर आदींनी अशा संग्राहकांची संस्था उभारली आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे त्यांचे नियतकालिक काढले. गोव्यातील केरी गावच्या केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर ताऱ्यांकडे गेली हे आपण अभिमानाने सांगतो. ती जाऊ शकली, कारण मूळ तबकडीची प्रत कोणीतरी जपली होती. ख्रिस्ती मराठी गाण्याच्या बाबतीत असे खुळे आपल्यात फार कमी निघाले. चित्रपटगीते राहतील, ती ठेवणारे पुष्कळ आहेत. मास्तरांचे कीर्तन, मतमाउलीच्या यात्रेत रात्रभर चाललेले भजन, ‘बाबा’ अशी निळी शाई असलेली कॅसेट, या एकेकच प्रती आहेत आणि फितीवरचा लेप वर्षागणिक झडतो आहे.

म्हणून मी खोके मागून घेतो. कॅसेट ऐकतो, संगणकात उतरवितो, मूळ कॅसेट परत करतो. बहुतेकांवर चित्रपटाचीच गाणी निघतात. एका फितीवर मुलाच्या पहिल्या पवित्र कम्युनियनचे जेवण आहे, त्यात भांड्यांचाच आवाज अधिक. एकीवर सन १९८८ च्या नाताळचे भजन पूर्ण मिळाले. मृदंग इतका जवळ होता की शब्द ऐकू येत नाहीत, पण चाल स्पष्ट आहे, आणि आमच्या गायनवृंदातील मुलींनी ती उचलली.

मागल्या पावसाळ्यात मी पुसलेली ती कॅसेटही त्या घरून पुन्हा मागितली. त्यांनी ती अजून ठेवली होती. माझ्या चिकटपट्टीसकट. सुरुवातीपासून ऐकू लागलो. माझाच तरुण, अधीर आवाज गायनवृंदास सूचना देत होता. सव्वीस-सत्तावीस मिनिटांनी सराव संपला, बटण दाबल्याचा खट्ट आवाज झाला. फीत संपावयास दोनएक मिनिटे उरली होती. तेथवर मी पोहोचलोच नव्हतो. जात्याची घरघर सुरू झाली. टू-इन-वनमधील मायक्रोफोन आवाज थांबला की आपोआप चढतो, त्यामुळे आजी श्वास घेई तेव्हा जाते मोठे होई आणि ती गाऊ लागली की मागे सरे. क्रुसाजवळ उभ्या असलेल्या मरियेवरची ओवी होती. दुसरी अर्धी झाली तोच तिला ठसका लागला. “आता बंद कर रं,” असे ती मुलाला म्हणाली. त्याने लगेच बंद केले नाही. जाते आणखी चार-पाच फेरे फिरले, मग फीत संपली.